ड्रीमवीव्हर शिकताना: कोणत्या कामाला कोणता व्ह्यू?

ड्रीमवीव्हर हे संकेतस्थळाची पानं तयार करण्याचं सॉफ्टवेअर. ते पहिल्यांदा उघडणारा माणूस एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या कोडमध्ये, फारसा अडत नाही, तो अडतो पडद्यावर. एकच पान एका बटणावर एक दिसतं, शेजारच्या बटणावर वेगळंच. काल ज्या मजकुरावर क्लिक करून बदल केला, त्यावर आज क्लिक केलं तर काहीच होत नाही. पुस्तकात दाखवलेलं बटण स्वतःच्या पडद्यावर सापडत नाही. मग सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटतं आणि पुन्हा इन्स्टॉल करण्यात संध्याकाळ जाते.

बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं, माणूस चुकीच्या व्ह्यूमध्ये काम करत असतो. तुमची फाइल एकच असते. कोड, स्प्लिट, लाइव्ह आणि डिझाइन ही ती बघण्याची वेगवेगळी तऱ्हा आहे, आणि प्रत्येक तऱ्हेत काय दिसतं, काय बदलता येतं याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. म्हणून या लेखात टॅग, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा, शिकवत नाही. कोणतं काम कुठे बसून करायचं एवढंच क्रमाने सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: एका महिला बचत गटाचं एकपानी संकेतस्थळ. वर गटाचं नाव, खाली दिवाळी फराळाचे फोटो, त्याखाली दरपत्रक आणि शेवटी ऑर्डरचं बटण.

थोडा इतिहास आधी, कारण त्याशिवाय एक गोंधळ सुटणार नाही. ड्रीमवीव्हर १९९७ साली मॅक्रोमीडिया कंपनीने आणलं. २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. सुरुवातीपासून त्यात डिझाइन व्ह्यू होता: पान साधारण कसं दिसेल याचा ड्रीमवीव्हरने स्वतः काढलेला अंदाज. २००८ च्या सीएस ४ आवृत्तीत लाइव्ह व्ह्यू आला, म्हणजे पान खऱ्या ब्राउझरच्या इंजिनातून दाखवणं. पुढच्या काळात लाइव्ह व्ह्यूमध्ये थेट बदल करण्याची सोयही झाली. जुना डिझाइन व्ह्यू मात्र काढून टाकला नाही. त्यामुळे आज पान डोळ्यांनी बघायच्या दोन जागा आहेत आणि त्या दोन्ही एकसारखं दाखवत नाहीत. जुनी पुस्तकं आणि जुन्या क्लासच्या वह्या डिझाइन व्ह्यूवर बेतलेल्या असतात, नवी आवृत्ती लाइव्ह पुढे करते. शिकणारा या दोघांच्या मध्ये अडकतो.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- ड्रीमवीव्हरची नव्या रूपाची आवृत्ती, म्हणजे सीसी २०१७ किंवा त्यानंतरची. त्याआधीच्या आवृत्तीत बटणांच्या जागा वेगळ्या आहेत. मेनू इंग्रजीतच असतात. मी इथे तेच शब्द देवनागरीत लिहितो.
- संगणकावर एक रिकामं फोल्डर आणि त्यात फोटोंसाठी आणखी एक फोल्डर. फोल्डर आणि फाइलींची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.
- पानावरचा मराठी मजकूर, युनिकोडमध्ये टाइप केलेला. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त काम इथेच अडतं.
- दोन ब्राउझर. क्रोम आणि फायरफॉक्स पुरेत.
- एक स्मार्टफोन, संगणकाच्याच वायफायला जोडलेला.
- कागद-पेन. पानावर काय कुठे येणार याचं कच्चं चित्र आधी काढा.

शॉर्टकट विंडोजचे दिले आहेत. मॅकवर बऱ्याच ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड दाबायचं.

१. आधी साइट नोंदवा, व्ह्यू नंतर

साइट मेनूत जाऊन न्यू साइट घ्या, नाव द्या आणि लोकल साइट फोल्डर म्हणून ते रिकामं फोल्डर निवडा. बाकीचे रकाने आत्ता सोडून दिले तरी चालतं. सर्व्हरची माहिती पान तयार झाल्यावर भरा.

ही पायरी टाळू नका. साइट न नोंदवता पानात फोटो घातलात तर त्याचा पत्ता तुमच्या संगणकातल्या ड्राइव्हचा लिहिला जाऊ शकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो छान दिसतो, कारण तो तुमच्याच संगणकावर आहे. पान इंटरनेटवर गेलं की दुसऱ्या कोणालाच तो दिसत नाही. फोटो गायब झाल्याच्या तक्रारीत मी आधी कोड व्ह्यू उघडून फोटोचा पत्ता वाचायला सांगतो. पत्त्याच्या सुरुवातीला ‘फाइल’ आणि तिरप्या रेघा दिसल्या की कारण सापडलं.

२. वर्कस्पेस आणि व्ह्यू यांत गल्लत करू नका

वर्कस्पेस म्हणजे पडद्यावर कोणती पॅनेलं कुठे मांडली आहेत ते. व्ह्यू म्हणजे मधल्या मोठ्या भागात तुमचं पान कोणत्या रूपात दिसतंय ते. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत.

वर उजव्या कोपऱ्यात वर्कस्पेसचं नाव दिसतं. तिथे स्टँडर्ड आणि डेव्हलपर असे दोन तयार पर्याय आहेत. डेव्हलपरमध्ये मोजकीच पॅनेलं असतात आणि भर कोड लिहिण्यावर असतो. ‘आम्हाला डेव्हलपर व्हायचंय’ म्हणून नवशिके तो निवडतात आणि मग लेखात सांगितलेलं पॅनेल शोधत बसतात. तुम्ही स्टँडर्ड घ्या. इन्सर्ट, फाइल्स, सीएसएस डिझायनर (सीएसएस म्हणजे पानाची सजावट सांगणारा कोड), डॉम (पानातल्या घटकांची उतरंड) ही कामाची पॅनेलं त्यात हाताशी असतात.

पॅनेलं ओढताना हलली, एखादं बंद झालं, तर घाबरू नका. त्याच मेनूत ‘रीसेट स्टँडर्ड’ आहे; मांडणी पहिल्यासारखी होते आणि तुमच्या फाइलला धक्काही लागत नाही. सगळीच पॅनेलं एकदम नाहीशी झाली असतील तर हात चुकून एफ ४ वर गेला असेल. पुन्हा एफ ४ दाबा, परत येतात.

३. बटणं ओळखा

पानाच्या वर मध्यभागी तीन बटणं आहेत: कोड, स्प्लिट, लाइव्ह. डिझाइनचं वेगळं बटण दिसत नाही. लाइव्हच्या शेजारी छोटा बाण आहे, तो दाबला की लाइव्ह आणि डिझाइन यांतलं एक निवडता येतं. एकदा डिझाइन निवडलं की त्या बटणावरचं नावही ‘डिझाइन’ होतं, आणि स्प्लिटमध्येही मग कोडसोबत डिझाइनच दिसतं. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर, विशेषतः क्लासमध्ये, बसलात तर आधी हे नाव वाचा.

क्लिक करण्याआधी बटणाकडे एक नजर टाकायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच थांबतो.

४. लाइव्ह व्ह्यू: पान जसं दिसेल तसं

बचत गटाचं नाव शीर्षकात टाइप करायचं आहे. लाइव्हमध्ये त्या ओळीवर एकदा क्लिक केलं की भोवती निळी चौकट येते आणि टॅगचं नाव लिहिलेली लहान पट्टी दिसते. याचा अर्थ घटक निवडला गेला, एवढाच. आता टाइप केलं तर मजकूर बदलत नाही. डबल क्लिक करा, चौकट नारिंगी होईल, मग टाइप करा. काम झालं की एस्केप दाबा किंवा बाहेर क्लिक करा. निळी म्हणजे निवडलेलं, नारिंगी म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेलं, एवढं लक्षात ठेवलं की लाइव्ह व्ह्यूची भीती जाते.

निळ्या पट्टीवर अधिकची खूण आहे. तिथून घटकाला क्लास किंवा आयडी, म्हणजे सीएसएसमध्ये ओळखायचं नाव, देता येतं. फोटो निवडला असेल तर पट्टीच्या डाव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह असतं. त्यात फोटोचा पत्ता, रुंदी, उंची आणि पर्यायी मजकूर भरता येतो. पर्यायी मजकुराचा रकाना रिकामा सोडू नका. दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर तोच मजकूर वाचून दाखवतं. ‘फोटो १’ असं न लिहिता ‘ताटात मांडलेल्या भाजणीच्या चकल्या’ असं लिहा.

नवा घटक घालताना एक प्रश्न समोर येतो. इन्सर्ट पॅनेलमधून टेबल घेतलं की ड्रीमवीव्हर विचारतं: बिफोर, आफ्टर, रॅप की नेस्ट? निवडलेल्या घटकाच्या आधी, नंतर, त्याला बाहेरून गुंडाळून, की त्याच्या पोटात? नवशिके घाईत नेस्ट दाबतात. मग दरपत्रक फोटोच्या चौकटीतच जाऊन बसतं आणि फोटोचे रंग, समास सगळे त्याला लागू होतात. शंका असेल तर आधी पडद्याच्या खालची टॅगांची पट्टी वाचा. बॉडीपासून निवडलेल्या घटकापर्यंतची सगळी साखळी तिथे क्रमाने लिहिलेली असते. आपण नेमके कोणत्या चौकटीत उभे आहोत हे समजल्यावर उत्तर सहज देता येतं.

आता लाइव्ह व्ह्यूच्या मर्यादा, कारण ‘क्लिक केलं तरी काही होत नाही’ ही तक्रार त्यांच्यामुळेच येते.

जो मजकूर तुमच्या एचटीएमएल फाइलमध्ये लिहिलेलाच नाही, तो लाइव्हमध्ये दिसला तरी बदलता येत नाही. जावास्क्रिप्टने पान उघडताना तयार केलेली यादी, पीएचपीने (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडने) डेटाबेसमधून आणलेले दर, टेम्प्लेटचा कुलूपबंद भाग, हे सगळं त्यात येतं. बदल त्याच्या मूळ जागी, म्हणजे त्या स्क्रिप्टमध्ये किंवा टेम्प्लेटमध्येच करावा लागतो. पीएचपीचं पान लाइव्हमध्ये नीट बघायचं असेल तर टेस्टिंग सर्व्हरही लागतो; संगणकावरच सर्व्हर चालवणारं एक्सएएमपीपी बसवून तो साइटच्या नोंदीत जोडतात. पहिलं संकेतस्थळ साध्या एचटीएमएलमध्येच करा, एवढंच सुचवेन.

लिंकवर क्लिक केलं तर लाइव्ह पुढच्या पानावर जात नाही, फक्त लिंक निवडतो. हे बरोबरच आहे, नाहीतर लिंकमध्ये बदल कसा करणार? लिंक चालते का हे पाहायचं असेल तर कंट्रोल दाबून क्लिक करा.

माउस नेल्यावर उघडणारा मेनू सजवायचा असेल तेव्हा पंचाईत होते: माउस बाजूला नेला की मेनू मिटतो. मेनू जावास्क्रिप्टवर चालत असेल तर तो उघडा असताना एफ ६ दाबा. जावास्क्रिप्ट जागच्या जागी थांबते आणि तुम्ही सावकाश काम करू शकता. झालं की पुन्हा एफ ६.

५. स्प्लिट व्ह्यू: शिकणाऱ्याने मुक्काम इथेच ठोकावा

माझं ठाम मत आहे की पहिले काही महिने स्प्लिट सोडून दुसरीकडे राहूच नये. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला लाइव्ह. लाइव्हमध्ये चकलीच्या फोटोवर क्लिक केलं की कोडमध्ये त्याच फोटोची ओळ उजळते. कोडमध्ये दर बदलला की शेजारी दरपत्रक बदलतं. कोणती ओळ पानावर कुठे उतरते हे डोळ्यांना रोज दिसत राहतं आणि टॅग पाठ न करता अंगवळणी पडतात. नुसत्या लाइव्हमध्ये काम करणाऱ्याला वर्षभरानंतरही स्वतःचा कोड परका वाटतो, आणि काही बिघडलं की दुसऱ्याला बोलवावं लागतं.

व्ह्यू मेनूत स्प्लिट उघडा. कोड-लाइव्ह, कोड-डिझाइन, कोड-कोड असे पर्याय दिसतील. कोड-लाइव्ह घ्या. शेवटचा पर्याय एकच लांब फाइल दोन ठिकाणी उघडून बघायला कामाला येतो. त्याच मेनूत स्प्लिट व्हर्टिकली आहे, त्याने दोन्ही भाग शेजारी-शेजारी येतात. ती खूण काढली की वर-खाली होतात.

आता एक सापळा. लहान लॅपटॉपवर दोन्ही भाग शेजारी ठेवले की लाइव्हच्या वाट्याला जेमतेम पाचशे-सहाशे पिक्सेल रुंदी येते. तुमच्या पानात मोबाइलसाठी वेगळी मांडणी लिहिलेली असेल तर लाइव्ह तीच दाखवतो, कारण त्याच्या लेखी पडदा तेवढाच आहे. शेजारी ठेवलेले तीन फोटो एकाखाली एक येतात, मेनू तीन रेघांत गोळा होतो. नवशिक्याला वाटतं की मांडणी मोडली, आणि तो नीट चाललेला कोड ‘दुरुस्त’ करायला घेतो. तसं करण्याआधी खालच्या पट्टीवर उजवीकडे लिहिलेली रुंदी वाचा. ती कमी असेल तर मांडणी वर-खाली करा, एफ ४ ने पॅनेलं लपवा, किंवा मधली दुभाजक रेघ कोडच्या बाजूला सरकवा. फोटो पुन्हा शेजारी आले की कोडला हात लावायची गरजच नव्हती हे दिसेल.

दुसरी गोष्ट पानाच्या नावाखालच्या पट्टीची. तिथे सोर्स कोड आणि पुढे जोडलेल्या सीएसएस, जावास्क्रिप्ट फाइलींची नावं असतात. स्प्लिटमध्ये असताना सीएसएसच्या नावावर क्लिक करा. कोडच्या बाजूला सीएसएस उघडते आणि शेजारी पान तसंच दिसत राहतं. रंग, समास, अक्षरांचा आकार बदलायला याहून सोयीची बैठक ड्रीमवीव्हरमध्ये नाही. एक मात्र सांभाळा: कंट्रोल एस ने समोर उघडी असलेली फाइलच सेव्ह होते. सीएसएस बदलली, मग सोर्स कोडवर येऊन सेव्ह केलं आणि ब्राउझर उघडला, तर तिथे जुनाच रंग दिसतो. नावापुढे चांदणी दिसत असेल तर ती फाइल सेव्ह व्हायची बाकी आहे. फाइल मेनूतलं सेव्ह ऑल वापरा, म्हणजे प्रश्नच नको.

६. कोड व्ह्यू: खात्री इथे करायची

लाइव्हमध्ये ओढाताण करून पान मनासारखं दिसलं, तरी त्या ओढाताणीत रिकामे परिच्छेद, नको असलेले स्पॅन, पोटात पोट घातलेले डिव्ह असे निरुपयोगी टॅग शिल्लक राहतात. ते लाइव्हमध्ये दिसत नाहीत. दिवसाचं काम संपवण्याआधी एकदा कोड व्ह्यूमध्ये वरपासून खालपर्यंत वाचून काढा. कोड अस्ताव्यस्त झाला असेल तर एडिट मेनूतल्या कोडमध्ये अप्लाय सोर्स फॉर्मेटिंग आहे, त्याने समास नीट लागतात.

खालच्या पट्टीवर हिरवी बरोबरची किंवा लाल चुकीची खूण असते. लाल दिसली तर तिच्यावर क्लिक करा. चूक कोणत्या ओळीत आहे ते आउटपुट पॅनेल सांगतं. कंट्रोल जी दाबून ओळीचा आकडा दिला की थेट तिथे पोहोचता. पुष्कळदा चूक सांगितलेल्या ओळीच्या जरा वर असते. बंद न केलेला टॅग किंवा सुटलेलं अवतरणचिन्ह तिथे शोधा.

कंट्रोल ई ही सोय फार कमी जणांना माहीत असते. टॅगवर किंवा क्लासच्या नावावर कर्सर ठेवून ती दाबा. त्या घटकाला लागू असलेला सीएसएसचा नियम त्याच ओळीखाली उघडतो. तिथेच बदला आणि एस्केपने मिटवा.

कोडचा रंग पिवळसर झाला असेल आणि टाइपच होत नसेल तर लाइव्ह कोड चालू झाला आहे. तो कोड तुमच्या फाइलचा नसून पान चालत असताना ब्राउझर जो वापरतो तो आहे, म्हणून त्यात लिहिता येत नाही. डावीकडच्या टूलबारमधून किंवा व्ह्यू मेनूतून बंद करा.

७. मराठी मजकूर: कुठे टाइप करायचा, कुठे तपासायचा

इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग सापडणार नाही, म्हणून सावकाश वाचा.

प्रेफरन्सेसमध्ये न्यू डॉक्युमेंट या भागात जाऊन डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा. दुसरं काही असेल तर मराठी अक्षरांच्या जागी कोडमध्ये अँपरसँड आणि आकड्यांच्या रांगा येऊ शकतात. पान दिसतं, पण तो कोड कोणालाच वाचता येत नाही. आधीच तयार असलेल्या पानासाठी कंट्रोल जे दाबा आणि टायटल-एन्कोडिंगमध्ये तेच बदला. नंतर कोड व्ह्यूमध्ये सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगमधला ‘लँग’ बघा. तिथे इंग्रजीचा ‘ईएन’ लिहिलेला असू शकतो. तो असला तर काढून मराठीचा ‘एमआर’ लिहा. ज्या फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपं वेगळी दिलेली आहेत, तिथे ती रूपं निवडायला ब्राउझरला याची मदत होते.

मजकूर जुन्या टाइपसेटिंगच्या फाँटमध्ये केलेला असेल तर तो कोणत्याच व्ह्यूमध्ये मराठी दिसणार नाही. छापखान्यातून, स्मरणिकेतून आलेल्या मजकुराचं नेहमी असं होतं. वर्डमध्ये ‘अनारसे’ दिसतं आणि कोड व्ह्यूमध्ये पेस्ट केलं की रोमन अक्षरं व चिन्हांचा काला येतो, कारण त्या फाइलमध्ये मुळात रोमन चिन्हंच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. म्हणून मजकूर हातात आला की आधी त्यातल्या दोन ओळी कोड व्ह्यूमध्ये पेस्ट करून बघा. काला दिसला तर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर जोडाक्षरांत, रफारात आणि आकड्यांत घोटाळे करतात. दरपत्रकात आकडा चुकला तर भुर्दंड गटाला बसतो.

वर्डमधला मजकूर, युनिकोड असला तरी, डिझाइन व्ह्यूमध्ये थेट चिकटवू नका. वर्डची सजावट सोबत येते. कोड व्ह्यूमध्ये पेस्ट केला की नुसता मजकूर येतो, परिच्छेदाचे टॅग मग आपण लावायचे. डिझाइनमध्येच चिकटवायचा असेल तर पेस्ट स्पेशल घेऊन टेक्स्ट ओन्ली निवडा.

टाइप कोडमध्ये केलंत तरी मराठी अक्षरांची तपासणी लाइव्हमध्येच करा. इंग्रजी नमुन्यावरून उचललेल्या सीएसएसमध्ये शीर्षकाची ओळउंची १ किंवा १.१ ठेवलेली असते. रोमन लिपीला ती पुरते. देवनागरीत वरची वेलांटी-रफार आणि खालचे उकार शेजारच्या ओळीला भिडतात, चौकट आखूड असेल तर कापलेही जातात. मजकुराला १.६ च्या आसपास आणि शीर्षकाला १.३ ते १.४ ठेवून बघा. त्याच नमुन्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडण्याची सूचना असते, लेटर-स्पेसिंग नावाची. ती मराठीत शिरोरेखा तोडते. ‘दिवाळी फराळ’ ची अक्षरं सुटी सुटी दिसायला लागली तर ती सूचना शोधून काढून टाका. फाँट म्हणून मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त किंवा गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि लहान आकारातही नीट वाचता येतात.

८. रुंदीची पट्टी आणि तिच्यातला धोका

लाइव्ह व्ह्यूच्या वर रंगीत आडव्या पट्ट्या दिसतात. पानात वेगवेगळ्या रुंदीसाठी जे नियम लिहिले आहेत ते या पट्ट्या दाखवतात: हिरवी म्हणजे अमुक रुंदीपर्यंत, जांभळी म्हणजे अमुक रुंदीच्या पुढे, निळी म्हणजे दोन आकड्यांच्या मध्ये. पट्टीवर क्लिक केलं की लाइव्ह तेवढ्या रुंदीचा होतो आणि फोनवर पान कसं दिसेल ते बसल्या जागी समजतं.

धोका असा की रुंदी बदलल्यावर सीएसएस डिझायनरमध्येही तीच मीडिया क्वेरी, म्हणजे त्या रुंदीचा नियम, निवडलेली असू शकते. तुम्ही बटणाचा रंग बदलता, फोनच्या रुंदीत तो बदललेला दिसतो, आणि मोठ्या पडद्यावर जुनाच राहतो. रंग, फाँट असे सगळीकडे लागू होणारे बदल करताना डिझायनरच्या मीडिया रकान्यात ग्लोबल निवडलेलं आहे याची खात्री करा. ठरावीक रुंदीपुरताच बदल हवा असेल तेव्हाच त्या रुंदीचा नियम निवडा.

९. डिझाइन व्ह्यू कधी वापरायचा

क्वचित. फ्लेक्सबॉक्स, ग्रिड अशा आजच्या मांडणीच्या पद्धती तो नीट दाखवत नाही आणि जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्यातलं दिसणं प्रमाण मानू नका. पण त्याच कारणाने काही कामं तिथे सोपी जातात. एरवी स्क्रिप्टने मिटलेला मजकूर तिथे उघडा सापडू शकतो. लांबलचक दरपत्रकात रांगा वाढवायच्या, दोन चौकटी जोडायच्या असतील तर टेबल तिथे ओढून-निवडून हाताळता येतं. काम झालं की लगेच बाण दाबून लाइव्ह निवडा. कोडमध्ये केलेला बदल डिझाइनमध्ये दिसत नसेल तर एफ ५ दाबा.

१०. स्वतःची मांडणी जतन करा

काही दिवसांत तुमच्या लक्षात येईल की कोणती पॅनेलं लागतात आणि कोणती नुसती जागा अडवतात. नको ती बंद करा, हवी ती जागेवर लावा आणि वर्कस्पेसच्या मेनूत न्यू वर्कस्पेस घेऊन नाव द्या. मी दोन सुचवेन: ‘लेखन’ नावाची, जिच्यात फक्त फाइल्स पॅनेल आहे, आणि ‘सजावट’, जिच्यात सीएसएस डिझायनर उंच, पूर्ण उघडा आहे. लहान पडद्यावर हा फरक मोठा वाटतो. क्लासच्या सामायिक संगणकावर दुसऱ्याने मांडणी हलवली तरी तुमच्या नावाची वर्कस्पेस निवडून रीसेट केली की झालं.

११. शेवटी ड्रीमवीव्हरच्या बाहेर बघा

लाइव्ह व्ह्यू ब्राउझरच्या इंजिनावर चालत असला तरी गटाची गिऱ्हाईकं ड्रीमवीव्हर उघडून पान बघणार नाहीत. एफ १२ दाबा, पान तुमच्या मुख्य ब्राउझरमध्ये उघडेल. कंट्रोल एफ १२ ने दुसऱ्यात. दोन्हीकडे पान वरपासून खालपर्यंत सरकवा, प्रत्येक लिंक दाबा.

मग फोन. पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात रिअल-टाइम प्रिव्ह्यूचं चिन्ह आहे. ते दाबलं की क्यूआर कोड येतो. फोनने स्कॅन करा, अ‍ॅडोबीच्या खात्याने लॉगिन करा आणि पान फोनवर उघडेल. संगणकावर बदल केला की तो फोनवरही दिसत जातो. पान उघडत नसेल तर आधी फोनचं मोबाइल इंटरनेट बंद करून तो संगणकाच्याच वायफायवर आहे का ते बघा.

फोनवर तीन गोष्टी तपासा. दरपत्रक पडद्याबाहेर जातंय का? टेबलं हमखास जातात. ऑर्डरचं बटण अंगठ्याने सहज दाबता येतं का? आणि फोटो यायला वेळ लागतोय का? कॅमेऱ्यातून आलेला पाच-सहा एमबीचा फोटो जसाच्या तसा घातला असेल, तर तुमच्या संगणकावर कोणत्याच व्ह्यूमध्ये ते जाणवत नाही, कारण फाइल जवळच असते. गावाकडे कमी सिग्नलमध्ये पान उघडणाऱ्याला मात्र फोटोच्या जागी बराच वेळ कोरा चौकोन दिसतो. फोटो पानावरच्या आकारापुरते लहान करून घ्या, पुन्हा सेव्ह ऑल करा आणि मग सर्व्हरची माहिती भरून फाइल्स पॅनेलमधून पान चढवा.